करार मोडणारा नेहमी खेळाडूच असतो का?

सही केलेला करार खेळाडूने मुदत संपेपर्यंत पाळलाच पाहिजे आणि जास्त पैशांसाठी न खेळता अडून बसणे हा निव्वळ लोभ आहे, असे काही जण म्हणतात. मला ते एकतर्फी वाटते. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधील बहुतेक करारांत पूर्ण रकमेची हमी नसते. खेळाडूचा वेग मंदावला किंवा त्याच्या जागी स्वस्तात तरुण मिळाला, तर कराराची वर्षे शिल्लक असतानाही संघ त्याला काढू शकतो, आणि तेव्हा मालकाला कोणी लोभी म्हणत नाही. आमच्या यवतमाळकडे सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते; मालकाने त्याला ऐन कापूस वेचणीत घरी पाठवले, तर गावातली चार माणसे निदान जाब तरी विचारतात.

अडून बसणे दरवेळी फळते, असेही नाही. 1993 मध्ये डॅलस काउबॉइज संघाचा, चेंडू घेऊन धावणारा एमिट स्मिथ पहिले दोन सामने खेळला नाही, संघ दोन्ही हरला, मालक जेरी जोन्स यांनी त्याच्याशी नवा करार केला आणि त्याच हंगामात संघ विजेता ठरला. याउलट त्याच जागी खेळणाऱ्या पिट्सबर्ग संघाच्या लेव्हिऑन बेलने एका वर्षाच्या प्रस्तावावर सही न करता 2018 चा संपूर्ण हंगाम सोडला, सुमारे 1 कोटी 45 लाख डॉलर गमावले, आणि पुढे न्यूयॉर्क जेट्सकडे त्याचा जुना खेळ दिसलाच नाही. (चेंडू घेऊन धावणाऱ्याची उमेदीची वर्षे मुळात थोडी असतात.) लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2020 च्या सामूहिक करारानंतर तर गैरहजेरीचा दंड इतका जड झाला आहे, की नाराज खेळाडू हंगामाआधीच्या सराव शिबिराला हजर राहतात, पण सरावात उतरत नाहीत.