समुद्रावर मिळालेल्या पायराइटच्या अमोनाइटवर पांढरी पावडर येतेय, कसे वाचवू?

मीरा_ब्रिस्टल

नमस्कार मंडळी, इथे कोणी दगड-फॉसिलवाले असतील तर प्लीज सांगा. ईस्टरच्या सुट्टीत पोरांना घेऊन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटला चारमथला गेलो होतो, तिथे ओहोटीला खडीत बसून बरेच पायराइटचे (सोनेरी खनिज) अमोनाइट, म्हणजे गोगलगायीसारख्या वळ्यांच्या जुन्या समुद्री प्राण्यांचे फॉसिल, वेचले, नखाएवढे ते रुपयाच्या नाण्याएवढे, एकदम सोनेरी, वळी न् वळी दिसते. घरी आणून नळाखाली धुतले आणि बशीत घालून बाथरूमच्या खिडकीत ठेवले कारण तिथे ऊन येतं आणि छान चमकतात. आता काहींवर पांढरट-पिवळट भुकटी धरलीय, बुरशीच वाटते, वासही येतो नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा, आणि एकाला लेकीने हात लावला तर मधोमध तुकडेच. नवरा म्हणतोय सगळ्यांना पारदर्शक नेलपॉलिश मारून टाक. कुठेतरी व्हिनेगरमधे घालायचं पण वाचलं. जुलैमधे डोंबिवलीला येतोय, भाच्याला त्यातले दोन द्यायचं कबूल केलंय, तोवर टिकतील ना?

दगडधोंडे

मीराताई, आधी ते बाथरूममधून बाहेर काढा, बाकी सगळं नंतर.

ती बुरशी नाहीये. पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधक, हवेतला ऑक्सिजन आणि दमटपणा मिळाला की त्याचं हिराकस (लोखंडाचं सल्फेट) होतं, ती पांढरी-पिवळी भुकटी म्हणजे हिराकसच, आणि सोबत सल्फ्युरिक ॲसिड सुटतं. हिराकस मूळ पायराइटपेक्षा जास्त जागा खातं त्यामुळे दगड आतून फुगतो, तडकतो, म्हणून तुमचा तो मधोमध फुटला. इंग्लंडात याला पायराइटचा रोगच म्हणतात, म्युझियमवाल्यांची जुनी डोकेदुखी आहे. पूर्वी समजायचे जंतूंमुळे होतं, म्हणून डेटॉलछाप औषधात बुडवायचे, पण त्या जंतूंना जवळपास ओलंचिंब लागतं, कपाटातल्या नमुन्याला त्यांची गरजच नाही, नुसती दमट हवा पुरते. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की हे जोरात चालतं, 45 च्या खाली ठेवली तर बहुतेक नमुने शांत बसतात. बाथरूममधे गरम पाण्याची अंघोळ झाल्यावर किती होते ते वेगळं सांगायला नको.

व्हिनेगर अजिबात नको, ॲसिडने पोळतंय त्याला वरून अजून ॲसिड कशाला. नेलपॉलिशही नको. त्यातून ओल आत जातेच, वर्षभरात पिवळं पडून पापुद्रे निघतात, आणि आधीच आत ॲसिड असेल तर तुम्ही ते कोंडून ठेवताय.

आता काय करायचं ते. भुकटी धरलेले वेगळे काढा, त्यांना पाणी लावू नका, हिराकस पाण्यात विरघळून ॲसिड अजून आत जातं. हातमोजे घालून मऊ कोरड्या टूथब्रशने झटका आणि वेगळ्या डबीत ठेवा, पोरांचा हात लागू देऊ नका. जे अजून ठणठणीत आहेत त्यांचं मीठ काढायला हवं, नुसतं नळाखाली धरून ते जात नाही, दिवसभर गोड्या पाण्यात ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला, मग ब्रशने वळ्यांमधला चिखल काढा आणि लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोल नाहीतर शुद्ध ॲसिटोनमधे थोडा वेळ बुडवा, म्हणजे बारीक फटींतलं पाणी ओढलं जातं. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल असतं. ॲसिटोनला खिडक्या उघड्या आणि गॅस बंद. नीट वाळले की हवाबंद प्लास्टिकच्या डबीत सिलिका जेलसकट (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या). चिठ्ठी दगडाला चिकटवून ठेवू नका, ॲसिड आधी कागद खातं, मग दगड उरतो आणि तो कुठे मिळाला होता तेच कुणाला माहीत नसतं.

वीकेंड_भटक्या

मी तर सगळ्यांना रेनेसान्स वॅक्स (म्युझियमवाले वापरतात ते मेण) लावतो, गेली कित्येक वर्षं कपाटात उघडेच पडलेत, काही झालेलं नाही. उगाच घाबरवताय राव.

दगडधोंडे

घाबरवत नाहीये. तुमचे वॅक्समुळे टिकलेत असं वाटत असेल तर एक बिनावॅक्सचा शेजारी ठेवून बघा, तोही बहुधा टिकेल. पायराइट-पायराइटमधे फरक असतो हो. घट्ट, मोठ्या स्फटिकांचं असेल, उदाहरणार्थ स्पेनच्या नावाहूनचे ते कापून काढल्यासारखे चौकोनी ठोकळे, तर ते शोकेसमधे वर्षानुवर्षं तसेच राहतात. पण चिखलात तयार झालेलं पायराइट कित्येकदा सूक्ष्म गोळ्यांच्या घोसांचं असतं, डोळ्याला एकसंध दिसतं पण आतून सच्छिद्र, हवा लागायला जागाच जागा. एकाच किनाऱ्यावर, एकाच दिवशी उचललेल्या दोन अमोनाइटांत एक पन्नास वर्षं टिकतो आणि दुसरा दिवाळीपर्यंत भुकटी. वरून बघून सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच कोरडं ठेवायचं. वॅक्स लावा की, दिसायला छान दिसतं, पण ते औषध नव्हे.

शेपीवाली

दगडधोंडे +1. मी केंटमधे शेपी बेटाजवळ राहते, आमच्याकडे वॉर्डन पॉइंटला लंडन क्ले नावाच्या जुन्या चिकणमातीच्या थरातून पायराइट झालेली फळं-बिया मिळतात, साधारण 5 कोटी वर्षांपूर्वीच्या, त्यात नीपा पामची फळं असतात, तीच नीपा जिच्या झावळ्या सुंदरबनात अजून घरं शाकारायला वापरतात. म्हणजे तेव्हा इथे केवढी उष्ण हवा असेल बघा, आणि आता जूनमधे पण जॅकेट लागतं. त्या बिया तर अमोनाइटपेक्षा नाजूक, लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधे त्या सिलिकॉन तेलात बुडवून ठेवतात, हवेचा संबंधच तोडायचा. मी पण छोट्या काचेच्या बाटल्यांत तसंच करते, बघायला थोडं लोणच्याची बरणी वाटते पण टिकतात.

गंमत म्हणजे ज्याच्यापासून आपण वाचवतोय त्याचाच इथे एकेकाळी धंदा होता. 16व्या शतकापासून व्हिट्स्टेबल आणि शेपीच्या किनाऱ्यावर लोक पायराइटचे गोटे वेचायचे, ते मोठ्या वाफ्यांत उघड्यावर पावसात वर्षानुवर्षं पसरून मुद्दाम कुजवायचे आणि झिरपलेलं पाणी भंगार लोखंड घालून उकळून हिराकस काढायचे, काळी शाई आणि कापड रंगवायला.

मीरा, परत चारमथला गेलात तर ओहोटी लागत असताना किनाऱ्यावर उतरा, भरतीच्या तोंडावर नाही, आणि कड्याच्या पायथ्याशी बसू नका, ब्लॅक व्हेन आणि स्टोनबॅरो या कड्यांच्या खाली चिखल सतत सरकत असतो. पायराइट वाळू-गारगोटीच्या जवळपास दुप्पट जड, त्यामुळे लाटा त्याला मोठ्या धोंड्यांच्या मधल्या खड्ड्यांत बारीक काळ्या जड खडीसोबत आणून टाकतात, तिथेच गुडघे टेकून बसायचं. कडा खोदायचा नाही, सुटं पडलेलं घ्यायचं, आणि काही वेगळं वाटलं, हाड वगैरे, तर तिथल्या हेरिटेज सेंटरमधे दाखवायचं.

कोकणी_मासा

आमच्याकडे रत्नागिरीच्या वाळूत पण चमकतं की, ते पायराइट असेल का? आणि बहिणीने पायराइटचं ब्रेसलेट घेतलंय, पैसा खेचतं म्हणे, रात्री पाण्यात ठेवून सकाळी ते पाणी पिते 😅

दगडधोंडे

पाणी प्यायचं आज बंद करायला सांगा. वर लिहिलंय ना काय सुटतं ते. ब्रेसलेट घालू दे, पैसा विकणाऱ्याकडे गेलाच आहे.

रत्नागिरीची काळी वाळू म्हणजे मुख्यतः इल्मेनाइट (लोखंड-टायटॅनियमचं काळं खनिज), आणि पातळ चकत्या चमकत असतील तर बहुतेक अभ्रक. सोपी परीक्षा, घरातल्या टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा, पायराइटची रेघ हिरवट काळी येते, अभ्रकाची चकती नखाने सोलली जाते. चारमथला जे आहे ते साधारण 19 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला काळा चिखल, तळाशी ऑक्सिजन नाही, मेलेल्या शिंपल्यांत गंधक आणि लोखंड एकत्र आलं. कोकणात बेसाल्ट आणि जांभा, तसले अमोनाइट तिथे मिळायचे नाहीत.

मीरा_ब्रिस्टल

खूप खूप आभार सगळ्यांचे! बाथरूममधून काढले, आजारी सात वेगळे केले. आयसोप्रोपिल मागवलंय. आता फक्त डोंबिवलीचं सांगा, जुलै म्हणजे भर पावसाळा, न्यायचेच नाहीत का?

शेपीवाली

न्या की, पण भेट म्हणून डबीसकट द्या, भाच्याला बजावून सांगा की शोकेसमधे मांडायचे नाहीत. पावसाळ्यात तिकडे आर्द्रता 80 च्या वर असते, उघडे ठेवले तर गणपतीपर्यंत पण धड राहायचे नाहीत. क्लिप लावून बंद होणारी पारदर्शक डबी घ्या म्हणजे न उघडता बघता येईल.

दगडधोंडे

आणि घट्टातले घट्ट, अजून एकही डाग न पडलेले निवडा, धुवून वाळवून निघायच्या दिवसापर्यंत डबीत ठेवून बघा काही उगवतंय का. सिलिका जेल केशरी वालं घ्या, ओल शोषली की हिरवं होतं, मग ओव्हनमधे 110-120 डिग्रीवर दोन-तीन तास तापवलं की परत केशरी. निळं वालं नको, त्यात कोबाल्ट असतं आणि घरात लहान मुलं आहेत. भाच्याला पुड्यांचा एक जास्तीचा सेट द्या, हिरवं झालं की बदलायचं, एवढं एकच काम त्याचं.