जास्त चीक देणाऱ्या रबराच्या झाडाचं बी लावलं तर तेवढाच चीक निघेल का?

वरुडकर: नमस्कार मंडळी. आमचा तालुका संत्र्याचा, पण माया साळा कोट्टायमकडे रबराच्या मळ्यात कामाले आहे, तो म्हणते तिथं १०५ नावाची जात हाय, चीक लय देते, येतांना तिच्या खालचं बी घेऊन येतो. आजोबानं बियापासून लावलेल्या संत्र्याले मायझाडासारखंच फळ लागे, मंग रबराचं काहून नाही होणार?

कृषी_अकोला: भाऊ, संत्र्याची गोष्ट येगळी आहे. रोपवाटिकेत पाह्यलं असेल, एका बीतून दोन-तीन कोंब निघतात, त्यातले बरेचसे परागाचे गुण न मिसळता मायझाडाच्याच पेशीतून होतात म्हणून फळ तसंच येते. रबराच्या बीत हे होत नाही, प्रत्येक बी म्हणजे आई-बापाच्या गुणांची नवी सरमिसळ. आणि चीक काही एका जनुकाच्या हातात नाही, सालीत चीकनळ्यांची वर्तुळं किती, खोड किती लवकर भरते, काप दिल्यावर नळ्यांची तोंडं किती वेळानं बंद होतात, हे सगळं जुळलं तर चीक. १०५ स्वतःच संकर आहे, जावातल्या त्जिर १ आणि मलायातल्या जीएल १ या जातींचा, कोट्टायमच्या रबर संशोधन संस्थेनं काढलेला. तिच्या बियातून ते जुळलेलं सगळं परत फुटते, बहुतेक रोपं आईपेक्षा कमीच निघतात.

यवतमाळ_ते_केरळ: बरोबर. मी इथं नर्सरीत डोळे भरतो. खुंट साध्या बियाचाच, जमिनीलगत साल उचलून तिथं १०५ चा डोळा असलेली सालीची चकती बसवतो आन् पट्टीनं घट्ट गुंडाळतो, डोळा लागला का वरचा खुंट छाटून टाकायचा. म्हणजे पुढं काप मारतो ती साल सगळी १०५ चीच. घेर ५० सेंटिमीटर झाल्यावर चीक काढणं सुरू, त्याले इथं सातेक वर्षं लागतात. आन् दादा, हे बी लवकर मरते, पोतं भरून ठेवलं तर उगवत नाही.

मोर्शीचा_पोरगा: सगळं कलमावरच चालते तर नवीन जात येते कुठून?

कृषी_अकोला: हातानं पराग लावून. शंभर फुलांवर लावला तर मोजकीच फळं धरतात, एका फळात तीन बिया, मग ती रोपं वाढवा, चीक मोजा, उत्तम झाडाचे डोळे घेऊन परत वर्षानुवर्षं तपासा, एका जातीले वीस-पंचवीस वर्षं सहज जातात. ४१४ आणि ४३० अशाच आल्या, १०५ आणि श्रीलंकेच्या आरआरआयसी १०० या जातीच्या संकरातून. खरी अडचण आणखी मागची आहे, आशियातले बहुतेक मळे १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजानं ब्राझीलमधून नेलेल्या बियांच्या वंशातले, म्हणजे मिसळायला गुणच थोडे. म्हणून १९८१ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलातून परत बी-डोळे गोळा केले, ती जंगली झाडं चीक कमी देतात पण रोग अन् कोरड सोसणारे गुण त्यांच्यात शोधता येतात, मला तर हे काम नव्या जातीपेक्षा मोठं वाटते.

वरुडकर: समजलं, साळ्याले आजच फोन करतो. मंग ४१४ चं कलमच आणलं तर?

यवतमाळ_ते_केरळ: नका आणू दादा. डहाणूकडं दापचरीले एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्याच्या कोरडीनं रबराच्या झाडांची वाढ मागं पडते, आपल्याकडं तर मे महिन्यात पारा ४५ वर जाते. विहिरीत पाणी असेल तर ते संत्र्याच्या आंबिया बहाराले द्या.