सेसना १७२ : व्हॅक्यूम जायरो काढून डिजिटल डिस्प्ले बसवावेत का?

सई_ओहायो

नमस्कार मंडळी. इथे लहान विमानं उडवणारे किती आहेत कल्पना नाही, तरी विचारते. आम्हा तिघांच्या भागीदारीत १९७६ ची सेसना १७२एम आहे. मला इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगात फक्त यंत्रांवर उडवण्याचा परवाना) आहे, बाकी दोघे फक्त स्वच्छ हवेत उडवतात. आमचा डीजी (दिशा दाखवणारा जायरो) आता दहा मिनिटांत पंधरा अंश सरकतो. कृत्रिम क्षितिज (विमान किती कललंय ते दाखवणारा जायरो) अजून ठीक आहे, पण सुरू झाल्यावर सरळ व्हायला वेळ घेतं. मेकॅनिक म्हणतो डीजी ओव्हरहॉल करून घ्या, काम भागेल. एक भागीदार म्हणतो दोन गार्मिन जी-५ डिजिटल डिस्प्ले बसवा आणि व्हॅक्यूमची, म्हणजे पंपाने हवा ओढून जायरो फिरवण्याची, कटकटच संपवा. दुसऱ्याला फक्त खर्चाचा आकडा हवा आहे. ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी सांगा, पुढे जायचं का?

चेरोकीवाला (डॅलसजवळ)

ताई, ओव्हरहॉलवर पैसे घालू नका. जायरो नवा होऊन येईल, पण त्याला फिरवणारा पंप तोच. ड्राय पंपात कार्बनच्या पात्या असतात. त्या झिजत जातात आणि एक दिवस फुटतात, बहुतेक वेळा काहीही चाहूल न देता. साडेचार ते साडेपाच इंचांवर (पाऱ्याच्या) असलेला सक्शनचा काटा शून्यावर येतो. तो गेज पॅनेलच्या कोपऱ्यात, कोण बघतंय तिकडे!

खरी भीती पुढची आहे. जायरो लगेच थांबत नाही, काही मिनिटं मंदावत राहतो आणि क्षितिज हळूहळू एका बाजूला कलतं. ढगात असाल तर त्या खोट्या क्षितिजाला सरळ करता करता तुम्ही खरं विमान कलवत नेता. जुन्या यंत्रांवर बहुतेक वेळा बिघाडाचं निशाणही नसतं. जी-५ ला आतून शंका आली तर पडद्यावर सरळ लाल फुली येते. मला यातच सगळं आलं. सुंदर रंगीत पडदा वगैरे नंतर.

आता निवड. जी-५ २०१६ पासून प्रमाणित विमानांत बसवता येतो. एक क्षितिजाच्या जागी, दुसरा डीजीच्या जागी. दुसऱ्यासाठी जीएमयू ११ हा मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ओळखणारा) लागतो, आणि जीपीएस किंवा ऑटोपायलट जोडायचा तर जीएडी २९बी हा डबा. दोन्ही जागा डिजिटल झाल्या की पंप, रेग्युलेटर, फिल्टर, नळ्या सगळं निघतं आणि इंजिनावरच्या जागेवर झाकण बसतं. एकच बसवून पंप तसाच ठेवायचा अर्धवटपणा करू नका. पंपाची काळजी तेवढीच राहते.

मात्र तुमच्याकडे ऑटोपायलट कुठला आहे? क्षितिजाच्या जायरोवरून चालणारा असेल तर जी-५ त्याला तो सिग्नल देत नाही. मग गार्मिनचाच जीआय २७५ डिस्प्ले बघावा लागेल आणि खर्चाचा आकडा उडी मारेल. टर्न कोऑर्डिनेटरवरून (वळण दाखवणारं यंत्र) चालणारा असेल तर सोपं, फक्त टर्न कोऑर्डिनेटर काढू देऊ नका. रेडिओही बघा. जुना केएक्स १५५ असेल तर जी-५ त्याच्याशी बोलत नाही, त्याचा सीडीआय (मार्गापासून किती बाजूला आहोत ते दाखवणारा काटा) वेगळा ठेवावा लागतो.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट मॅग्नेटोमीटरची जागा. आमच्या हँगरमधल्या एका आर्चर विमानात तो पंखाच्या टोकाकडे बसवला. दिवसा दिशा एकदम चोख. रात्री नॅव्हिगेशन लाइट लावले की दिशा काही अंशांनी सरकायची, बंद केले की परत जागेवर. जुन्या बल्बची परतीची वीज विमानाच्या पत्र्यातूनच जात होती आणि मॅग्नेटोमीटरला तेच चुंबकीय क्षेत्र दिसत होतं. शेवटी दिव्यांना वेगळी ग्राउंड वायर ओढली. म्हणून पैसे चुकते करण्याआधी इंजिन सुरू ठेवून प्रत्येक स्विच एकेक करून लावा: दिवे, स्ट्रोब, पिटो हीट (वेगमापकाच्या नळीचा हीटर), फ्लॅपची मोटर. दिशा हलली तर विमान तिथेच ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर डब्यांची किंमत सगळ्यांना माहीत असते, मजुरी कोणी विचारत नाही. ती डब्यांच्या बरोबरीला जाऊ शकते. तुमच्या १७२ मध्ये पॅनेलवर प्लास्टिकचं आवरण असेल, ते पन्नास वर्षांचं झालंय. हात लावला की तडकतं. त्याचं काय करायचं ते आधीच लेखी ठरवा. आणि पिटो-स्टॅटिकच्या (वेग-उंचीसाठी हवेचा दाब नेणाऱ्या) नळ्या उघडाव्या लागणारच, म्हणजे तपासणी आलीच. आयएफआरसाठीची (यंत्रांवर उडण्यासाठीची) २४ महिन्यांची तपासणी जवळ आली असेल तर दोन्ही एकदम उरका.

ओझरकर (निवृत्त इन्स्ट्रुमेंट फिटर)

चेरोकीवाल्यांना दुजोरा. आयुष्यभर जायरोच उघडले. व्हॅक्यूमचा जायरो केबिनमधलीच हवा ओढतो. १९७६ च्या विमानात आधीच्या कोणा मालकाने सिगरेटी ओढल्या असतील तर ते डांबर फिल्टरमधून थोडं का होईना, बेअरिंगपर्यंत गेलेलं असतं. इंजिन बंद केल्यावर कान देऊन ऐका. चांगला जायरो बराच वेळ गुळगुळीत फिरत थांबतो, खराब बेअरिंग खरखरतं.

काढताना एकच सांगणं: जायरो पूर्ण थांबेपर्यंत हात लावू नये. फिरता जायरो आडवा केला की बेअरिंग गेलंच. तुमचं क्षितिज चांगलं असेल तर ते नीट गुंडाळून विका. ओव्हरहॉलसाठी जुनं यंत्र शोधणारे लोक असतात.

न्यू_जर्सी_सीएफआय

थोडा विरोध नोंदवतो. व्हॅक्यूम आणि वीज हे दोन वेगळे स्रोत मुद्दाम ठेवले होते: पंप गेला तरी टर्न कोऑर्डिनेटर विजेवर चालतो. आता सगळं विजेवर. त्यातून दोन एकाच कंपनीचे, एकाच सॉफ्टवेअरचे. एकाला झालेला रोग दुसऱ्यालाही होऊ शकतो.

बॅकअप यंत्र असलं की निभावतं असंही नाही. १६ ऑक्टोबर २००० ला मिझुरीचे गव्हर्नर मेल कार्नाहन सेसना ३३५ मध्ये गेले, मुलगा विमान चालवत होता. रात्र, ढग, मुख्य क्षितिज बंद पडलेलं. उजव्या बाजूला दुसरं क्षितिज होतं, तरी दिशाभ्रम झालाच. यंत्र कुठलंही असो, सराव हवा.

चेरोकीवाला (डॅलसजवळ)

सराव हवा हे शंभर टक्के मान्य. पण त्या विमानात मान वळवून पलीकडचं क्षितिज बघत उडवावं लागत होतं. इथे वरचा जी-५ गेला तर खालच्यावर क्षितिज समोरच येतं. प्रत्येकाला स्वतःची बॅटरी आहे, कंपनी चार तासांपर्यंत म्हणते. जुनी झाल्यावर निम्मी धरा, तरी अल्टरनेटर गेल्यावर उतरायला पुरेशी. सॉफ्टवेअरचा मुद्दा मात्र बरोबर आहे, त्यासाठीच टर्न कोऑर्डिनेटर ठेवा म्हणतोय. एअरस्पीड, अल्टिमीटर आणि होकायंत्र तसेही काढता येत नाहीत, जी-५ वरचे वेग आणि उंचीचे आकडे पूरकच धरायचे.

सई_ओहायो

सगळ्यांचे आभार. आज हँगरमध्ये जाऊन बघितलं. ऑटोपायलट सेसनाचाच ३००ए नॅव्होमॅटिक आहे. काका, कान देऊन ऐकलं, डीजी चांगलाच खरखरतो.

चेरोकीवाला (डॅलसजवळ)

३००ए पंख सरळ ठेवतो तो टर्न कोऑर्डिनेटरवरून आणि दिशा पकडतो ती डीजीवरून. म्हणजे डीजी काढला की हेडिंगचं बटण निकामी. जीएडी २९बी च्या यादीत ३००ए आहे का हे शॉपकडून लेखी घ्या. नसेल तर पंख सरळ ठेवण्यापुरता तो तुम्हाला पुरतो का, हे तिघे मिळून ठरवा. ज्याला फक्त आकडा हवाय त्यालाही या बैठकीला बसवा.

सई_ओहायो

त्यालाच शॉपला फोन करायला लावलाय.