मदत हवी आहे: बेसबॉलचं सीझन तिकीट ठेवू की सोडू? शुक्रवारपर्यंत कळवायचंय

नववी_इनिंग
2024 चा सीझन संपला, डोकं फिरलंय, म्हणून थेट विचारतो. पुढच्या वर्षीची तिकिटं ठेवायची की सोडायची, हे शुक्रवारपर्यंत कळवायचंय. दोन वर्षं लागोपाठ एका विजयानं प्लेऑफ, म्हणजे शेवटची बाद फेरी, हुकला. एका! आपले पिचर (चेंडू टाकणारे) जीव तोडून टाकतात, सामन्याच्या नऊपैकी सहा-सात इनिंगमध्ये एक-दोन रन देतात, आणि बॅटर आले तसे हात हलवत परत. मुलगा नऊ वर्षांचा आहे. आता तो घरून निघतानाच विचारतो, "बाबा, आज तरी मारतील का?" काय सांगू त्याला? ज्यांनी अशी तिकिटं ठेवलीत किंवा सोडलीत त्यांनी अनुभव लिहा. कृपया लवकर.

एडिसनचा_नाना
अहो, टीम कोणती ते लिहा की आधी. मी न्यूयॉर्कच्या मेट्सवाला. वर्णन वाचून आमचंच 2018 आठवलं. आमच्या पिचरचा, जेकब डेग्रॉमचा, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यातले रन) 1.70, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच, आणि त्याच्या नावावर विजय 10, पराभव 9. तो टाकत असला की आम्ही सातव्या इनिंगपर्यंत 1-0 नाहीतर 0-0 बघत बसायचो. मी तिकीट सोडलं नाही आणि त्याचं मला आजही बरं वाटतं. अशी पिचिंग आयुष्यात किती वेळा बघायला मिळते? माझं मत: ठेवा.

रेडमंडची_मीरा
नाना, एका विजयानं दोनदा हुकले म्हणजे सिॲटलचे मॅरिनर्सच. 2023 ला 88 जिंकून बाहेर, यंदा 85 जिंकून बाहेर. नववी_इनिंग, पॅकेज किती सामन्यांचं? खुर्च्या किती? एकटे घेता की वाटून? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

नववी_इनिंग
हो, मॅरिनर्स. अजून कोण असणार! वीस सामने, दोन खुर्च्या, वरचा मजला, तिसऱ्या बेसच्या बाजूला.

आकडेमोड
भावनेपेक्षा हिशोब बघा. यंदा पूर्ण लीगची बॅटिंग ॲव्हरेज (हिट भागिले पाळ्या) .243, मॅरिनर्सची .224. फरक छोटा दिसतो, पण ॲव्हरेजसाठी टीमच्या वर्षाला साधारण 5,400 पाळ्या धरल्या जातात. म्हणजे सरासरी टीमपेक्षा शंभरेक हिट कमी. त्यातले दहा जरी योग्य वेळी पडले असते तरी तो एक विजय मिळाला असता. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक पडून बाद होणं, तर 1,625, सगळ्या तीस टीममध्ये सर्वाधिक. दुसरीकडे मॅरिनर्सचा पिचर लोगन गिल्बर्टनं 208 इनिंग टाकल्या, ईआरए 3.23, आणि पदरात काय, 9 विजय 12 पराभव. हे वाचून मला खरंच वाईट वाटतं.

दर्याची_हवा
सगळा दोष बॅटरांना देऊ नका. मी पंधरा वर्षं मॅरिनर्सच्या मैदानावर जातोय. एप्रिल-मेच्या रात्री समुद्राकडून थंड, जड हवा येते. चांगला लागलेला चेंडू भिंतीच्या दहा फूट अलीकडे मरतो. 2013 साठी भिंती आत घेतल्या तरी ते मैदान पिचरच्याच फायद्याचं राहिलं. मुलाला रन दाखवायचे असतील तर जुलै-ऑगस्टचे सामने घ्या. एप्रिलमध्ये जाऊच नका.

आकडेमोड
हवा दोन्ही टीमना सारखीच असते, दर्या.

दर्याची_हवा
अगदी बरोबर, आणि म्हणूनच पाहुण्या टीमचेही रन तिथे आटतात. तुम्ही ज्या पिचिंगचं कौतुक करताय त्यात त्या हवेचा वाटा आहे. हेच पिचर बाहेरच्या मैदानांवर बघा, आकडे इतके देखणे नाहीत. एक बाजू मोजायची आणि दुसरी सोडायची, हा हिशोब नव्हे.

आकडेमोड
स्ट्राइकआउटला हवा काय करणार? बॅट चेंडूला लागलीच नाही तर हवेचा संबंध येतो कुठे?

दर्याची_हवा
तिथे चेंडू नीट दिसत नाही अशी बॅटरांची जुनी तक्रार आहे. ताशी 95 मैलांचा चेंडू साडेसाठ फुटांवरून 0.4 सेकंदांत पोचतो. त्यात क्षणभर दिसायला उशीर झाला तर संपलं.

मालाड_लेगस्पिनर
क्रिकेट बघा, हाच उपाय. सिॲटलची ऑर्कस टीम आहे की.

रेडमंडची_मीरा
ऑर्कस यंदा तळाला होती, दादा. आणि त्यांनी विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय?

शिकागो_वरणभात
आम्ही व्हाइट सॉक्सवाले यंदा 121 सामने हरलो. आधुनिक बेसबॉलमध्ये इतकं कोणीच हरलं नव्हतं. तुमच्याकडे 85 विजय आहेत हो. माझी मुलगी तरीही शेवटच्या आठवड्यापर्यंत टोपी घालून बसत होती. पोरांना आपण समजतो त्यापेक्षा जास्त सोसतं.

पुणे30
विषयांतराबद्दल क्षमस्व. भाचा जानेवारीत सिॲटलला शिकायला येतोय. युनिव्हर्सिटीजवळ खोलीचं भाडं साधारण किती पडतं? शाकाहारी आहे.

रेडमंडची_मीरा
पुणे30, वेगळा धागा काढा, सविस्तर लिहीन. शाकाहाराची चिंता नको. स्टेडियममध्ये बाहेरचं खाणंही नेता येतं, आम्ही थालीपीठ नेतो.

नववी_इनिंग, मुलगा स्वतः खेळतो का?

नववी_इनिंग
हो, लिटल लीगमध्ये, मुलांच्या बेसबॉलमध्ये. पिचर आहे. हे आधी लिहायला हवं होतं. गेल्या महिन्यात त्यानं चार इनिंगमध्ये एक रन दिला आणि त्याची टीम 1-0 हरली. घरी येऊन म्हणाला, "मी गिल्बर्टसारखाच आहे ना?" आणि रडला. त्या दिवसापासून मला ती तिकिटं डाचतायत. मी त्याला हेच शिकवतोय का, की नीट काम केलं तरी हरायचंच असतं?

एडिसनचा_नाना
आता खरा प्रश्न आला. त्याला मॅरिनर्सचा पिचर फेलिक्स हर्नांडेझचा 15 ऑगस्ट 2012 चा सामना दाखवा. परफेक्ट गेम. 27 बॅटर आले, 27 गेले, एकही बेसवर नाही. आणि मॅरिनर्सचे रन किती? एक. 1-0! तोही एका रनवरच उभा होता. 2010 मध्ये याच फेलिक्सला 13 विजय, 12 पराभव असताना साय यंग दिलं, कारण मतं देणाऱ्यांना कळलं होतं की हरले ते त्याच्यामुळे नाही. हे पोराला सांगा.

दर्याची_हवा
नाना, त्याच मैदानावर 2022 ची 18 इनिंगची मॅचही झाली. ह्यूस्टननं 1-0 नं नेली, प्लेऑफमधून बाहेर. 21 वर्षांनी प्लेऑफ आला होता. मी शेवटच्या चेंडूपर्यंत होतो. अठरा इनिंग, शून्य रन. ते विसरता येत नाही.

आकडेमोड
मुद्द्यावर येतो. पॅकेज सोडा, सुटी तिकिटं घ्या. कोण टाकणार हे सामन्याच्या काही दिवस आधी जाहीर होतं. सगळे बघतात आपला पिचर कोण. तुम्ही समोरच्यांचा बघा. त्यांचा कच्चा पिचर असेल त्याच दिवशी मुलाला न्या.

रेडमंडची_मीरा
मला हे पटत नाही. कच्चा पिचर बघून नेलं आणि त्या दिवशीही नाही मारले, तर? मुलाला गिल्बर्ट आवडतो तर गिल्बर्टच्या दिवशी न्यावं. शिवाय ऑगस्टमध्ये मॅनेजर (मुख्य कोच) स्कॉट सर्व्हिस जाऊन डॅन विल्सन आले, बॅटिंग शिकवायला आपला जुना बॅटर एडगर मार्टिनेझ आला. त्यानंतर 34 पैकी 21 जिंकले. अगदीच अंधार नाहीये.

आकडेमोड
34 सामन्यांवर पुढच्या वर्षाचे पैसे लावायचे?

रेडमंडची_मीरा
पैसे कोणाचे, हे तरी कुठे कळलंय? नववी_इनिंग, वाटेकरी आहे का कोणी?

नववी_इनिंग
आहे. मित्राबरोबर अर्धे-अर्धे होते. तो ऑस्टिनला चाललाय, त्याचे दहा सामने माझ्याच गळ्यात येतायत. खरी अडचण ती.

रेडमंडची_मीरा
अहो, मग हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना! आम्हाला दहाच हवे होते. जुलै-ऑगस्टचे तुम्ही ठेवा, एप्रिल-मेचे आम्ही घेतो, थंडीचं आम्हाला काही नाही. व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

नववी_इनिंग
व्यनि मिळाला. मुलाला विचारलं. म्हणाला, एप्रिलचा एक तरी आपल्याकडे राहू दे, पहिल्या आठवड्यातला. तेवढा चालेल का?