पीएफची १५ तारीख

'ताणात माणसाचा खरा स्वभाव कळतो' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. छोट्या कारखानदाराकडे बघा. मोठ्या गिऱ्हाइकाचं बिल ४५ दिवसांत यायला हवं, ते चार महिने लटकतं. इकडे १५ तारखेला पीएफ, २० ला जीएसटी. कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ कारखान्याच्याच खात्यात पडून असतो, दारात पत्रे पुरवणारा उधारी मागत उभा. 'पुढच्या महिन्यात भरू' म्हणत पैसे त्याला जातात. यात चोरी आहे असं मालकाला वाटतच नाही, कारण ताणात नजर आजच्या दिवसापलीकडे जात नाही. हिशेबातल्या घोटाळ्यामुळे गाजलेल्या सत्यम या आयटी कंपनीच्या रामलिंग राजूंनीही ७ जानेवारी २००९ च्या कबुलीच्या पत्रात लिहिलं होतं की खऱ्या आणि कागदावरच्या नफ्यातली सुरुवातीची किरकोळ तफावत वर्षागणिक फुगत गेली. (तिथे आकडा हजारो कोटींचा, त्यामुळे सहानुभूती बेतानेच.) पीएफ-जीएसटीचं खातं वेगळंच ठेवावं, मग त्यात हात घालायला निदान वेगळा चेक तरी फाडावा लागतो.