कवळी आणि कडधान्यं
"साठीनंतर कडधान्यं बंदच करावीत, वात होतो" असं वर दोघांनी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. गॅस होतो तो त्यातल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या न पचणाऱ्या साखरांमुळे. रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं आणि मोड आणले की त्या बऱ्याच कमी होतात. आमच्याकडे तेच पाणी आमटीत ढकलायची सवय होती, सत्त्व वाया जायला नको म्हणून!

आईची (वय 79) खरी अडचण कवळीची. मटकीचं साल कवळीखाली अडकायचं, मग उसळ ताटात बाजूला सारून नुसता वरण-भात. आता मोडाच्या मुगाला कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त देते आणि डावाने घोटते. कधी कुळथाचं पिठलं. 100 ग्रॅम कोरड्या मुगात साधारण 24 ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे 30 ग्रॅममधून सातेक ग्रॅम मिळतात. वर लिंबू मात्र पिळायचंच, क जीवनसत्त्वामुळे त्यातलं लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा नको, तो नेमकं उलटं करतो. (हे आईच्या गळी उतरवणं सगळ्यात अवघड गेलं.) मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे किती खायचं ते डॉक्टरांना विचारूनच.