पहिला स्वतःचा बॉल: सिमेट्रिकल कोअर घ्यावा की असिमेट्रिकल?

प्रश्न (रामबाग, इंदूर)

सर्वांना नमस्कार. मी गेले दीड वर्ष आठवड्यातून दोनदा टेनपिन बोलिंग खेळतो आणि आजवर ॲलीतलेच (बोलिंग केंद्रातलेच) बॉल वापरत आलो आहे. आता माझ्या बोटांच्या मापाने भोके पाडलेला 14 पौंडांचा पहिला बॉल घ्यायचा आहे. माझ्या बॉलचा वेग ताशी 25 किलोमीटरच्या आसपास असतो, फिरकी मध्यम आहे आणि हुक (शेवटी बॉलने घेतलेले वळण) आता बऱ्यापैकी एकाच जागी वळू लागला आहे. असिमेट्रिकल कोअरचा (आतल्या असमान गाभ्याचा) बॉल जास्त वळतो, म्हणून तोच घ्यावा, असे एका मित्राचे आग्रहाचे म्हणणे आहे. इंदुरात भोके पाडून देणारे कोणी मला सापडले नाही, त्यामुळे बॉल बाहेरगावीच तयार होईल. अनुभवी खेळाडूंनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (सुदामा नगर)

आपल्या मित्राचे म्हणणे अर्धेच खरे आहे. बॉल किती वळेल हे सर्वाधिक त्याच्या बाहेरच्या कवचावर, म्हणजे ते पॉलिएस्टरचे आहे, युरेथेनचे की रिॲक्टिव्ह रेझिनचे, आणि ते किती खरखरीत घासलेले आहे यावर ठरते. आतला गाभा त्या वळणाला आकार देतो. सिमेट्रिकल गाभ्याच्या तीन मुख्य अक्षांपैकी दोन सारखे असतात, असिमेट्रिकलमध्ये तिन्ही वेगळे असतात. त्यामुळे असिमेट्रिकल बॉलचा फिरण्याचा अक्ष अधिक वेगाने सरकतो, आणि कोरड्या भागात पोहोचताच बॉल लवकर व ठळकपणे दिशा बदलतो. सिमेट्रिकल बॉल हेच वळण सावकाश आणि गोलाईने घेतो. तांत्रिक तपशिलात इंटरमीजिएट डिफरेन्शियल (गाभ्याच्या असमानतेचे माप) 0.008 इंचापेक्षा अधिक दिसले, तर तो बॉल असिमेट्रिकल समजावा.

परंतु आपण खेळता त्या लेनवर तेल किती असते, हे आधी पाहावे. फाउल रेषेपासून पहिली पिन 60 फुटांवर असते. नेहमीच्या पॅटर्नमध्ये साधारण पहिल्या 40 फुटांपर्यंत तेल असते, तेही मधल्या फळ्यांवर जास्त आणि कडेला कमी. मनोरंजनासाठी चालवलेल्या ॲलीत ते रोज नीट घातले जाईलच असे नाही. अशा कोरड्या लेनवर जोरकस असिमेट्रिकल बॉल फार लवकर वळू लागतो आणि पिनांपर्यंत पोहोचेपर्यंत त्याची शक्ती संपलेली असते. म्हणून मध्यम ताकदीचा सिमेट्रिकल, पर्ल (चमकदार, उशिरा वळणाऱ्या) किंवा हायब्रिड (मिश्र) कवचाचा बॉल घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर 2 (विजय नगर)

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र असिमेट्रिकल बॉल केवळ तरबेज खेळाडूंसाठीच असतो, असा समज कोणी करून घेऊ नये. ज्यांची फिरकी कमी आहे आणि ज्यांना भरपूर तेलावर खेळावे लागते, त्यांना त्याची खरी मदत होते.

माझी अडचण भोकांच्या जागेमुळे झाली. सिमेट्रिकल बॉलवर मुख्यतः पिन नावाचा, गाभ्याचे वरचे टोक दाखवणारा रंगीत ठिपका कुठे येतो हे सांभाळावे लागते. असिमेट्रिकलवर त्याखेरीज मास बायसची (गाभ्याचा असमान भार ज्या दिशेला आहे तिची) खूणही योग्य दिशेला यावी लागते. मी माझा पॉझिटिव्ह ॲक्सिस पॉइंट, म्हणजे हातातून सुटताना बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचे पृष्ठभागावरील टोक, न मोजताच दूरच्या एका दुकानात बॉल पाठवला, आणि त्यांनीही न विचारता अंदाजाने भोके पाडली. इतका आवडीने घेतलेला बॉल वर्षभर कपाटात पडून राहिला, याचे मला आजही वाईट वाटते. पूर्वी अशा वेळी एक जास्तीचे भोक पाडून थोडी दुरुस्ती करता येत असे, पण अमेरिकेच्या यूएसबीसी या नियामक संस्थेने 1 ऑगस्ट 2020 पासून ते भोक बंद केले. आता जुनी भोके बुजवून नव्याने पाडणे एवढाच मार्ग उरतो. बॉल बाहेरगावीच तयार होणार असेल, तर सिमेट्रिकलमध्ये चुकीला वाव कमी राहतो.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. काल मुद्दाम ॲलीच्या पॉलिएस्टर बॉलवर पाहिले: दुपारी त्यावर तेलाचे पुसट कडे उमटत होते, रात्री आठनंतर जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे सिमेट्रिकलच घेईन. हा ॲक्सिस पॉइंट घरच्या घरी मोजता येतो का?

उत्तर 2 (विजय नगर)

अंदाज निश्चितच घेता येतो. दुपारी तेल असताना जे कडे उमटते, त्याच्या प्रत्येक बिंदूपासून सारख्या अंतरावर असलेली जागा शोधावी (उजव्या हाताने खेळत असाल तर ती पकडीच्या उजव्या बाजूस येते) आणि तिथे पांढऱ्या चिकटपट्टीचा लहान तुकडा लावावा. मग मागून मोबाइलवर चित्रण करावे. बॉल हातातून सुटल्यावर पहिल्या काही फुटांत तो तुकडा न डगमगता एकाच जागी फिरताना दिसला, तर जागा बरोबर आहे. गोल गोल हिंदकळला, तर थोडा सरकवून पुन्हा पाहावे. त्यानंतर पकडीच्या मध्यापासून आडवे आणि उभे अंतर मोजून ते दोन्ही आकडे, तसेच आपला वेग, दुकानाला लेखी कळवावेत.